किनाऱ्यावरील वसतिगृह : स्लॅबवर पत्रा की पांढरा लेप, आणि गरम पाण्यासाठी सौर यंत्र की हीट पंप?

सर्वांना नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील एका महाविद्यालयाच्या मुलांच्या वसतिगृहाचा रेक्टर आहे. इमारत दुमजली, समुद्रापासून जेमतेम पाऊण किलोमीटरवर. खोल्या 40, मुले 120. दिवे, पंखे आणि गरम पाणी यांच्या सुधारणेसाठी संस्थेने यंदा निधी मंजूर केला आहे, परंतु तो सर्व कामांना एकदम पुरणारा नाही. म्हणून खाऱ्या हवेत अशी कामे करून घेतलेल्या जाणकारांचा सल्ला हवा आहे.

दिव्यांचे काम सोपे वाटते. जुन्या 40 वॅटच्या नळ्या काढून 20 वॅटच्या एलईडी पट्ट्या आणि न्हाणीघरात पाणी न शिरणारे बंद दिवे बसवायचे, हे ठरलेलेच आहे. पंख्यांबाबतही शंका नाही : 75 वॅटचे 80 पंखे दिवसाचे 14 तास चालतात, त्या जागी 32 वॅटचे बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे घेतल्यास रोजचे सुमारे 48 युनिट वाचतील.

खरी अडचण उष्म्याची आहे. परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत येतात आणि वरच्या मजल्यावर रात्री 11 वाजता पलंगावर उभे राहून छताला तळहात लावला, तर दुपारचा ताप तेव्हाही हाताला लागतो. पंखा तीच ऊन हवा खाली ढकलतो, आणि मुले चटया उचलून गच्चीवर किंवा व्हरांड्यात निजतात. पाण्याचे कूलर आमच्या दमट हवेत निरुपयोगी आहेत आणि वातानुकूलनाएवढा वीजभार मंजूर नाही, त्यामुळे स्लॅब तापू न देणे हाच मार्ग उरतो. आपल्याकडे सर्रास करतात तशी स्लॅबवर पत्र्याची शेड घातली, तर सावली मिळेल, गळती थांबेल आणि पावसात 120 मुलांचे कपडे वाळत घालायला जागा होईल. ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण जुलैत खोलीभर दोऱ्या बांधलेल्या असतात आणि भिंतींना बुरशी चढते. मात्र 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे पत्र्यांची जी दैना झाली, ती विसरता येत नाही. उन्ह परतवणारा पांढरा लेप स्वस्त पडतो. पण एका पावसाळ्यानंतर शेवाळाने काळा पडल्यावर त्याचा गुण कितपत उरतो, आणि दरवर्षी घासून धुतल्यास तो टिकतो का, हे अनुभवी माणसाकडूनच कळेल.

दुसरा प्रश्न गरम पाण्याचा. सहा वर्षांपूर्वी बसवलेल्या सौर यंत्राच्या लोखंडी सांगाड्याचे आता हात लावताच पोपडे निघतात, आणि पुरवठादाराने दोन वर्षांपासून दाद दिलेली नाही. शिवाय जून ते सप्टेंबर मळभ असते, तेव्हा सगळा भार आतल्या विजेच्या कॉइलवरच पडतो. तीही बिघडली की मुले लपूनछपून बादलीत हीटरचा रॉड टाकतात. गेल्या जुलैत एका मुलाला त्याचा धक्का बसला. तो बचावला, परंतु त्या रात्रीनंतर मी स्वस्थ झोपलेलो नाही. आम्ही लगेच प्रत्येक मजल्यावर 30 मिलिअँपिअरचे आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे स्विच) बसवून घेतले. तरी मुलांना रॉडची गरजच पडू नये, असे मला मनापासून वाटते. हीट पंप हवेतली उष्णता पाण्यात आणतो, त्यामुळे एका युनिट विजेत साधारण तीन युनिटांएवढी उष्णता मिळते, आणि तो भर पावसातही चालतो. भीती एवढीच, की खारा वारा त्याच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या खाऊन टाकील.

तेव्हा किनाऱ्यालगत हीट पंप तीन-चार पावसाळे चालवलेल्या कोणी पात्यांवरचा संरक्षक लेप टिकला का, आणि यंत्र आडोशाला ठेवल्याने फरक पडला का, हे कृपया सांगावे. शेड घातलेल्यांनी पत्र्याची जाडी, हुकांची पद्धत आणि स्लॅबपासून सोडलेली उंची कळवावी. छत आणि गरम पाणी या दोन्हींपैकी एकच काम यंदा शक्य झाले, तर आपण आधी कोणते हाती घ्याल? निविदा दिवाळीपूर्वी काढायची आहे.