धरणाच्या काँक्रीटमध्ये माणसे गाडली आहेत का? सोसायटी ग्रुपवरील चर्चा

सी-२०१: सर्वांना नमस्कार. काल एक फॉरवर्ड आला. अमेरिकेतील हूवर धरणाच्या काँक्रीटमध्ये शेकडो कामगार गाडले गेले आणि ते आजही आतच आहेत, तसेच ते काँक्रीट अजून पुरते वाळलेले नाही, असे त्यात म्हटले आहे. माझा मुलगा हीच गोष्ट शाळेच्या भाषणात सांगायला निघाला आहे. ए-५०२ मधील काकांची सारी नोकरी धरणांवर गेली, त्यांनी कृपया खरे काय ते सांगावे.

ए-५०२: भाषण तूर्त थांबवावे. साचा उभारून त्यात वरून सलग काँक्रीट ओतले, असे चित्र मनात असल्यामुळे ही कथा खरी वाटते. प्रत्यक्षात ६ जून १९३३ ते २९ मे १९३५ या काळात ते धरण एकमेकांना खेटून उभ्या केलेल्या चौकोनी ठोकळ्यांनी वर चढवले गेले. हे ठोकळे साठ्याच्या पाण्याकडे सुमारे १८ मीटर आणि त्याच्या विरुद्ध अंगाला सुमारे साडेसात मीटर बाजूचे होते. काँक्रीट आणून ओतणाऱ्या एका अजस्र बकेटमध्ये सुमारे ६ घनमीटर काँक्रीट येई. आता मुलाला भागाकार करायला सांगा: मोठ्या ठोकळ्यात एका बकेटने पातळी जेमतेम २ सेंटीमीटर वाढते, लहानात १०-११. म्हणजे घोटाही बुडत नाही, आणि ते पसरून दाबणारी माणसे त्याच ठोकळ्यात उभी असत. शिवाय शरीर आत राहू दिले, तर कालांतराने तिथे पोकळी उरेल, आणि तशी पोकळी कोणताही अभियंता जाणूनबुजून सोडणार नाही.

बी-३०४: काका, मग एकही माणूस काँक्रीटखाली सापडला नाही का?

ए-५०२: एक सापडला. ८ नोव्हेंबर १९३३ रोजी शटरिंग, म्हणजे काँक्रीटचा साचा, कोसळले आणि शेकडो टन ओल्या काँक्रीटसह एक कामगार खाली गेला. त्याचा मृतदेह १६ तासांनी बाहेर काढण्यात आला. अधिकृत नोंदीत कामावरील मृत्यू ९६ आहेत. वरून पडणे, दरड अंगावर येणे, सुरुंग, वाहने अशी त्यांची कारणे आहेत. नदी वळवण्यासाठी खोदलेल्या बोगद्यांतील गाड्यांच्या धुराने दगावलेल्यांचे मृत्यू न्युमोनियाच्या नावावर टाकले गेले, असा आरोप कामगारांनी तेव्हाच केला होता. मला या आख्यायिकेचा राग येतो तो यासाठीच, कारण काल्पनिक मृतांच्या गर्दीत हे खरे मृत कोणाला आठवत नाहीत. माणसे खरोखर आत राहिली ती अमेरिकेतल्याच फोर्ट पेक धरणात. ते मातीचे धरण २२ सप्टेंबर १९३८ रोजी बांधकाम चालू असतानाच घसरले. त्यात ८ जण गेले आणि त्यांपैकी ६ जणांचे मृतदेह कधीच मिळाले नाहीत.

बी-३०४: आणि काँक्रीट अजून वाळते आहे, हे?

ए-५०२: काँक्रीट वाळून घट्ट होत नाही. सिमेंट आणि पाणी यांच्या रासायनिक क्रियेने ते घट्ट होते. म्हणून तर नव्या स्लॅबवर आपण पाणी मारतो. या क्रियेत उष्णता निघते. स्लॅबमधून ती सहज निघून जाते, पण पायथ्याशी सुमारे २०० मीटर जाड असलेल्या भिंतीच्या गाभ्यातून कशी जाणार? आपोआप निवायला शंभराहून अधिक वर्षे लागली असती आणि आकुंचनाने भिंत तडकली असती. त्यामुळे दर दीड मीटरच्या थरात इंचभर व्यासाच्या लोखंडी नळ्या घालून त्यांतून आधी नदीचे आणि मग यंत्राने गार केलेले पाणी फिरवले. काँक्रीट निवल्यावर त्या नळ्या आणि ठोकळ्यांमधील फटी ग्राउटने, म्हणजे सिमेंटच्या पातळ मिश्रणाने, भरून टाकल्या. फॉरवर्डमध्ये तथ्य आहे ते एवढेच, की सिमेंटची क्रिया मंद गतीने पुढे चालू राहते. १९९५ मध्ये काढलेल्या नमुन्यांतही काँक्रीटची ताकद हळूहळू वाढत असल्याचे दिसले.

डी-१०३: तलाव जितका लांब, तितका भिंतीवर दाब जास्त, हे तरी बरोबर ना?

ए-५०२: नाही. दाब पाण्याच्या खोलीवर ठरतो. भिंतीमागे पाणी शंभर किलोमीटर असो वा शंभर मीटर, खोली तीच असेल तर स्थिर पाण्याचा रेटा तोच. एवढी भक्कम भिंत फुटते कशी, याचे उत्तर बहुधा तिच्या बाहेरच सापडते. फ्रान्समधील मालपासे धरण २ डिसेंबर १९५९ रोजी गेले, ते डाव्या काठाचा खडक सरकल्यामुळे. याउलट इटलीतील वायोंत येथे ९ ऑक्टोबर १९६३ रोजी आख्खा डोंगर जलाशयात घसरला, भिंतीवरून उसळलेल्या लाटेने सुमारे २००० माणसे मेली आणि २६२ मीटर उंचीची भिंत मात्र आजही उभी आहे. ‘वायोंत धरण फुटले’ असे लोक बेधडक लिहितात.

सी-२०१: मुलगा विचारतो आहे की धरणाच्या आत तुम्ही काय पाहिलेत?

ए-५०२: गॅलरी. भिंतीच्या पोटातून जाणारा माणूसभर उंचीचा बोगदा, ओला आणि गार. त्याच्या तळाशी पायाच्या खडकात खोलवर छिद्रे पाडलेली असतात. त्यांतून झिरपलेले पाणी एका कडेच्या नालीतून त्रिकोणी खाचेवरून वाहते, आणि खाचेतील पाण्याची उंची मोजून गळती रजिस्टरमध्ये लिहितात. नव्या माणसाला ते पाणी पाहून धडकी भरते. परंतु ते मुद्दाम वाहू दिलेले असते, कारण ते अडले तर भिंतीला खालून वर उचलू पाहते. त्यामुळे आकडा एकाएकी वाढला की आम्ही धावत असू, आणि एकाएकी घटला तरीही, कारण मग छिद्र चुन्याच्या साक्याने बुजले आहे का, हे बॅटरी घेऊन पाहावे लागे.