न्यूझीलंडमध्ये मोटरहोमचा (राहायची सोय असलेल्या गाडीचा) फुकट मुक्काम

अशा मुक्कामासाठी 'पोर्टेबल टॉयलेट डिकीत टाकलं की झालं' असं कुणी सांगितलं, तर ते आता जुनं झालं. 2023 च्या कायद्यापासून नवीन सर्टिफिकेशनला (गाडीत टॉयलेट-पाण्याची स्वतःची सोय आहे याच्या दाखल्याला) टॉयलेट गाडीत कायमचं बसवलेलं लागतं. शिवाय बेड पूर्ण उघडलेला असतानाही ते वापरता आलं पाहिजे. घरी बनवलेल्या व्हॅन बहुतेक इथेच अडकतात: गादी पसरली की टॉयलेटचं झाकणच उघडत नाही. पाण्याचा हिशेब माणशी दिवसाला 4 लिटर, तीन दिवसांचा. म्हणजे दोघांना 24 लिटर. सर्टिफिकेशन झाल्यावर गाडीला लावायच्या कार्डावर, म्हणजे हिरव्या वॉरंटवर, किती जणांसाठी ते लिहिलेलं असतं, गाडी भाड्याने घेताना तो आकडा आधी बघा.

वॉरंट असलं तरी कौन्सिलची (तिथल्या नगरपालिकेची) पाटी वाचायचीच. रात्रींची मर्यादा आणि बंदी असलेल्या जागा प्रत्येक कौन्सिल आपापली ठरवते. सिंकचं पाणी 'साबणाचंच तर आहे' म्हणून गटारात सोडू नका, रस्त्याकडेची गटारं बहुधा थेट ओढ्यात नाहीतर समुद्रात जातात. कॅसेट (टॉयलेटची मैला साठवणारी काढती टाकी) आणि सांडपाणी दोन्ही डंप स्टेशनवरच, म्हणजे त्यासाठी ठरवलेल्या जागीच, रिकामं करायचं. तिथला कॅसेट धुवायचा नळ पिण्याच्या पाण्याचा नसतो, आपला पाणी भरायचा पाइप त्याला लावू नये.