शब्दचर्चा: सामाजिक ‘जबाबदारी’ की ‘बांधिलकी’?

प्रश्न: कॅथलिक विद्यापीठांतल्या बौद्धिक जीवनावरच्या एका लेखाचा अनुवाद करतोय. ‘सोशल रिस्पॉन्सिबिलिटी’ला ‘सामाजिक जबाबदारी’ लिहिलं की कंपनीच्या वार्षिक अहवालासारखं वाटतं. ‘बांधिलकी’ चालेल?

उत्तर: चालेल, पण सरसकट नको. जबाबदारी अंगावर पडते, दुसऱ्यावर ढकलता येते, झटकताही येते. बांधिलकी आपण होऊन पत्करायची असते. एल साल्वादोर या मध्य अमेरिकेतल्या देशातलं, जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचं मध्य अमेरिकन विद्यापीठ घ्या. यादवी युद्ध पेटलेलं असताना तिथले मानसशास्त्रज्ञ इग्नासिओ मार्टिन-बारो यांनी १९८६ मध्ये जनमत चाचण्यांची संस्था काढली. अशा काळात लोकांना काय वाटतं हे थेट लोकांनाच विचारायचं, म्हणजे संशोधन झालंच, शिवाय जोखीमही आली. १६ नोव्हेंबर १९८९ रोजी लष्कराच्या सैनिकांनी विद्यापीठाच्या आवारात सहा जेझुइटांना गोळ्या घातल्या. त्यांत मार्टिन-बारो होते, रेक्टर इग्नासिओ एयाकुरिया होते. तिथे काम करणारी बाई आणि तिची मुलगी, त्यांनाही सोडलं नाही. याला ‘जबाबदारी पार पाडली’ म्हणवत नाही.

(रेक्टर म्हणजे इथे कुलगुरू. अनुवादात ‘कुलगुरू’च लिहा, नाहीतर वाचकाला वसतिगृहाचे रेक्टर आठवायचे.)

दुसरं मत: ‘सेवा’ का नको? धर्मसंस्थेच्या तोंडी शोभतो.

उत्तर: शोभतो, तीच अडचण आहे. सेवा म्हटलं की तास संपल्यावरचं काम डोळ्यांपुढे येतं. एयाकुरियांचा आग्रह नेमका उलटा होता: विद्यापीठाने समाजासाठी जे करायचं ते विद्यापीठ म्हणूनच, अभ्यासातून आणि अध्यापनातून. पोप जॉन पॉल दुसरे यांच्या कॅथलिक विद्यापीठांविषयीच्या १९९० च्या दस्तऐवजातही श्रद्धा आणि बुद्धी यांचा संवाद आणि नैतिक भान हे दोन्ही संशोधनाचेच भाग धरलेत.

तिसरं मत: ‘जबाबदारी’ इतक्यात बाद करू नका. १८३८ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँडच्या जेझुइटांनी २७२ गुलाम लुइझियानात विकायचा सौदा केला. त्यातला काही पैसा आजच्या जॉर्जटाउन विद्यापीठाचं कर्ज फेडायला गेला. २०१७ मध्ये विद्यापीठाने आणि जेझुइट संघाने वंशजांपुढे माफी मागितली. सौदा करणाऱ्या, विद्यापीठाच्या माजी अध्यक्षांचं नाव पूर्वी असलेल्या इमारतीला आयझॅक हॉकिन्स यांचं नाव दिलं. विकलेल्यांच्या यादीत पहिलं नाव त्यांचं होतं. इथे ‘बांधिलकी’ लिहिलंत तर विद्यापीठाने मोठं मन दाखवलं असा सूर लागेल. ‘जबाबदारी’त ‘जबाब’ आहे, आणि इथे विद्यापीठ तो देणं लागतं.

प्रश्नकर्ता: पटलं. म्हणजे संदर्भ बघून दोन्ही वापरतो. शीर्षकात ‘कॅथलिक बौद्धिक जीवन’ ठेवू ना?

उत्तर: ‘विचारजीवन’ किंवा ‘विचारपरंपरा’ बघा. ‘बौद्धिक’ म्हटलं की आपल्याकडे कुणीतरी ‘बौद्धिक घ्यायला’ उभं राहतंय असं वाटतं.