‘बॅक कंप्रेशन’ला मराठीत काय लिहावं?

धरमपेठकर: उमरेडकडच्या कोळसा खाणीतल्या डंपरांसाठी देखभालीचं पुस्तक मराठीत करतोय. जळलेला वायू पिस्टनच्या रिंगांमधून निसटून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या बंद पेटीत, उतरतो, त्याला पुस्तकात ब्लो-बाय म्हटलंय. मी ‘वायुगळती’ लिहिलं. वाडीच्या मिस्त्रींना वाचून दाखवलं तर म्हणाले, “गळती म्हटलं तर मी पाइप पाहीन, क्लिप आवळीन. हे बॅक कंप्रेशन आहे न भाऊ!” हाच शब्द छापावा का?

वाडीवाला: डोळे झाकून छापा. अमरावती रोडवर “इंजन बॅक मारून राहिलं” म्हटलं की पोरगं आधी ऑइल भरायचं झाकण काढते. चालू इंजनावर ते झाकण उलटं करून तोंडावर नुसतं ठेवायचं. थरथरत का होईना, जागेवर राहिलं तर ठीक. उडून पडलं, भकभक धूर वर आला, तर समजून जायचं. कधी ऑइल मोजायची पट्टी, डिपस्टिकही आपोआप वर सरकते. ‘वायुगळती’त यातलं काय दिसते?

कोथरूडकर: दट्ट्या (पिस्टन) आणि झडप (व्हॉल्व्ह) शाळेच्या पुस्तकापासून सगळ्यांना ठाऊक आहेत. मग ‘दट्ट्यागळती’ का नको? ‘बॅक कंप्रेशन’ धड इंग्रजीही नाही. आपण लिहिलेच नाहीत तर शब्द रुळणार कसे?

इतवारी: रुळतात ते जिभेवर घासून. गॅसलाइटचं घासलेट झालं, ते कुठल्या समितीने केलं नाही. आणि डिझेल तर माणसाचं आडनाव! रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ मध्ये यशस्वी झालं आणि आज आपण ते आडनाव लिटरने विकत घेतो. त्याला काय प्रतिशब्द देणार?

हिंगणारोड: माझी हरकत वेगळी आहे. ‘बॅक कंप्रेशन’ म्हटलं की निकाल आधीच लागतो: रिंगा गेल्या. लगेच इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, उतरतं, लायनर-पिस्टनचा सेट येतो. पण क्रँककेसमध्ये दाब टर्बोचं, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचं, सील गेल्यानेही वाढतो. एअर ब्रेकच्या कंप्रेसरच्या रिंगा झिजल्या तर त्याची हवाही ऑइल परतीच्या वाटेने तिथेच येते. क्रँककेसमधला वायू बाहेर सोडणारी वाट, म्हणजे ब्रीदर, चोंदला तरी तेच. ओळखीतल्या एका ट्रकचं अख्खं इंजिन गॅरेजने खोलून बांधलं आणि रोग निघाला कंप्रेसरमध्ये. मालकाच्या पैशांचा चुराडा झाला. म्हणून लक्षण म्हणून ‘क्रँककेसचा दाब वाढणे’ लिहा. तो पाण्याच्या मिलिमीटरमध्ये मोजता येतो. कारणं त्याच्याखाली द्या. कंप्रेसर आणि टर्बो तपासल्याशिवाय हेडला हात लावू नये, हे ठळक छापा.

वाडीवाला: हे पटते. पण मिस्त्री नुसत्या शब्दावर इंजन खोलत नाही, तो धूर पाहते. निळा म्हणजे ऑइल जळून राहिलं. काळा म्हणजे हवा कमी पडून राहिली नाहीतर डिझेल फवारणारं नोजल खराब. पांढरा असून रेडिएटरचं पाणीही कमी होत असलं तर हेड गॅस्केटवर शंका. अन् कोळशाच्या रस्त्यावर पहिले एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा होज पाहायचा. तिथली क्लिप ढिली राहिली तर इंजन धूळ खाते अन् नव्या रिंगाही टिकत नाहीत. ‘धूळ खाणे’ नक्की घ्या.

कोथरूडकर: मराठीत गाडी ‘धूळ खात पडते’ म्हणजे ती वापराविना उभी असते. चालतं इंजिन धूळ खातं, हे आमच्याकडे कुणी उलटंच समजेल.

वाडीवाला: पुस्तक खाणीतला माणूस वाचणार आहे. त्याले बरोबर समजते.

धरमपेठकर: ‘धूळ खाणे’ घेतला. दाबाचं अजून ठरत नाही. शिवाय पुढच्याच पानावर पाना लिहू की चावी?

इतवारी: चावी! इतवारीत “बारा-तेराची चाबी दे” असंच म्हणतात. आणि ते चूक नाही. चावी हा शब्द पोर्तुगिजांकडून आला, त्यांच्या भाषेतही किल्लीला आणि पान्याला एकच शब्द आहे.

कोथरूडकर: छापील मराठीत चावी कुलपाची. अवजाराला पाना हा अस्सल शब्द असताना गोंधळ कशाला?

हिंगणारोड: अस्सल कसला, पाना स्पॅनरवरूनच आला असणार. स्टेशनचं टेसन होताना ‘स’ गळतो, तसा इथेही गळला.

कोथरूडकर: ‘स’ गळाला, मग ‘र’ कुठे गेला?

वाडीवाला: ते राहू द्या. सॉकेटले आम्ही गोटी म्हणतो. गोटी पाना सगळेच म्हणतात, गोटी चाबी कोणीच म्हणत नाही. असं काहून, ते सांगा.