मदत हवी आहे : घसा पुन्हा पुन्हा का धरतो, हे भावोजींना कसं पटवू?

नमस्कार मंडळी, मी खानापूर तालुक्यातली. माझ्या ११ वर्षांच्या भाचीला घसादुखीनंतर र्‍हुमॅटिक ताप आला, सांधे सुजले. बेळगावला इको (हृदयाची सोनोग्राफी) केल्यावर हृदयाची एक झडप गळते असं कळलं. तेव्हापासून दर २१ दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन चालू आहे. वयाच्या २१ व्या वर्षापर्यंत तरी चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलंय.

भावोजी म्हणतात, "गोवर एकदा येऊन गेला की परत येत नाही. मग हिच्याही अंगात शक्ती आली असेल की. कशाला पोरीला टोचत राहायचं?" इंजेक्शन फार दुखतं, त्यात बेळगावला यायचं म्हणजे त्यांची दिवसाची मजुरी बुडते. त्यांना दोष देत नाही मी. पण डोस लांबला की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही.

मी वाचलं ते असं : ज्या घसादुखीनंतर हा ताप येतो, ती करणारा स्ट्रेप्टोकोकस हा जंतू. त्याच्या अंगावर एम नावाचं प्रथिन असतं, ते १९२८ साली रेबेका लान्सफिल्ड यांनी दाखवून दिलं. या प्रथिनाचं बाहेरचं टोक जंतूच्या प्रत्येक प्रकारात वेगळं असतं आणि असे २०० हून जास्त प्रकार आहेत. हे बरोबर आहे ना? आणि प्रथिनाचा बुडखा, म्हणजे जंतूच्या अंगाला लागून असलेला भाग, जर सगळ्यांत जवळपास सारखाच असतो, तर त्याच्यावरच लस का काढत नाहीत? दवाखान्यातलं पत्रक कन्नडमध्ये आहे. भावोजींना ते वाचता येत नाही. मराठीत काही असेल तर कृपया द्या.

उत्तर (निपाणी, लॅबमध्ये काम करतो) :
ताई, तुम्हाला समजलंय ते बरोबर आहे. गोवराच्या विषाणूचा, प्रतिकारशक्तीच्या दृष्टीने, एकच प्रकार. म्हणून एकदा झाला की संपलं. या स्ट्रेप्टोकोकसमध्ये मात्र त्या टोकाचं जनुक सारखं बदलतं, त्यातले तुकडे गळतात, नवे जुळतात. एका प्रकाराविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं (जंतूशी लढणारी रक्तातली प्रथिनं) मुख्यतः त्याच प्रकाराला ओळखतात. आपल्याकडे तर एकाच वेळी कितीतरी प्रकार फिरत असतात, म्हणून घसा पुन्हा धरतो.

लसीचं म्हणाल तर बुडख्यावर काम चालू आहे. अडचण अशी की एम प्रथिनाचे काही भाग हृदयाच्या स्नायूतल्या मायोसिन या प्रथिनाशी मिळतेजुळते आहेत, त्यामुळे शरीर स्वतःच्याच हृदयावर उलटण्याची भीती असते. म्हणून सगळे जपून पावलं टाकतात.

भावोजींना मात्र एवढंच सांगा : पेनिसिलिन त्या प्रथिनाकडे बघतच नाही. ते जंतूची भिंत बांधू देत नाही, आणि भिंत सगळ्याच प्रकारांना लागते. टोक कितीही बदललं तरी औषध चालतं. पेनिसिलिनला दाद न देणारा असा स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिस (या जंतूचं पूर्ण नाव) रुग्णांमध्ये अजून सापडलेला नाही. झडपेला एकदा इजा झाली की प्रत्येक नव्या घसादुखीने ती वाढू शकते, म्हणून खंड नको.

आणि डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात इंजेक्शन देतील का, ते विचारा. बेळगावची फेरी वाचेल.

ताई :
हे विचारायचं सुचलंच नव्हतं, दादा. सोमवारीच जाते केंद्रात. पत्रक कुणाकडे असेल तर अजूनही हवंय.