तपांबर नक्की किती किमी? प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा, अर्जंट मदत हवी

तुतारी_वेटिंग:
मंडळी लवकर सांगा कोणीतरी, रंग कालवून ठेवलाय. वातावरणाचे थर काढतोय. तपांबराची, म्हणजे सगळ्यात खालच्या थराची, उंची एका ठिकाणी 11 किमी, दुसरीकडे 12, तिसरीकडे 16 आणि भाच्याच्या मोबाईलवर 18. यातलं खरं कुठलं? पहिलीच रेघ मारता येत नाहीये त्यामुळे वरचं सगळं अडलंय. दुसरं म्हणजे बाजूला हवेतल्या वायूंची पाटी लावायची आहे, नायट्रोजन 78, ऑक्सिजन 21, आरगॉन 0.93, कार्बन डायऑक्साईड 0.04 इथपर्यंत ठीक, पण बाष्प 0 ते 4 टक्के असं लिहिलेलं असतं, ते घातलं की बेरीज शंभराच्या वर जाते. वडील म्हणतात बेरीज जमत नसेल तर पाटी लावू नको, वाडीतले हसतील. फक्त आकडे द्या, लेक्चर नको.

आंबोळी:
कितवीचं प्रोजेक्ट आहे? स्टेट बोर्ड की सीबीएसई? पुस्तकात असेल तेच लिहा, मार्क त्यालाच मिळतात.

पेन्शनर:
परत तेच. प्रोजेक्ट मुलांचं आणि रात्री जागतात आईबाप. आमच्या वेळी चार्ट आम्ही स्वतः काढायचो आणि त्यात कार्बन डायऑक्साईड 0.03 लिहायचो, हे 0.04 कुठून आलं? पुस्तकं छापणाऱ्यांनाच काही येत नाही हल्ली.

भूगोलवाल्या_बाई:
पेन्शनर, तुमचं पुस्तक बरोबर होतं आणि आताचंही बरोबर आहे. मधल्या काळात हवाच बदलली. 1958 साली हवाई बेटांवर मौना लोआला रोजचं मोजमाप सुरू झालं तेव्हा दहा लाखात साधारण 315 भाग होते, म्हणजे 0.03. आता 420 च्या वर गेलेत. कारखाने सुरू व्हायच्या आधी 280 च्या आसपास होते.

तुतारी, तुम्ही जागा कुठली धरताय ते सांगा आधी. तपांबर सगळीकडे सारखं जाड नाहीये. ध्रुवाकडे 8-9 किमी, विषुववृत्ताकडे 16 ते 18. जिथे जमीन नि समुद्र जास्त तापतात तिथे हवा जोरात वर चढते, घुसळण उंचापर्यंत पोचते, म्हणून हद्द वर सरकते. तुमचे चारही आकडे कुठे ना कुठे खरे आहेत.

तुतारी_वेटिंग:
जागा मालवणजवळ. आणि प्रोजेक्ट कोण म्हणालं? कुठल्याही शाळेचं नाहीये हे.

रनवे27:
11 लिहून मोकळे व्हा. मी एअरपोर्टवर ग्राउंड स्टाफला आहे, सांगतो ते ऐका. विमानं 38 हजार फुटांवर म्हणजे साडेअकरा किमीवर उडतात आणि ती स्थितांबरातून, म्हणजे तपांबराच्या वरच्या थरातून उडतात कारण तिथे ढग नसतात, हवा शांत असते. म्हणजे तपांबर त्याच्या खाली संपलं पाहिजे. साधा हिशोब आहे.

भूगोलवाल्या_बाई:
हा हिशोब युरोपात चालेल, तिथे हिवाळ्यात हद्द 10-11 ला असते. आपण 16 अक्षांशावर आहोत, आपल्याकडे ती 16-17 किमीला आहे. गोव्यात मोपाला उतरणारं देशातलं विमान प्रवासात स्थितांबर बघत नाही. तुमचा 11 हा विमानवाल्यांच्या प्रमाण वातावरणातला आकडा आहे, मध्य अक्षांशांची सरासरी धरून ठरवलेला, उंचीमापक जुळवायला सोयीचा.

रनवे27:
पायलट लोकांशी रोज बोलणं असतं माझं, तुमचं पुस्तकी आहे सगळं.

मिरग:
मग पायलटला विचारा की मे महिन्यात वळवाचा ढग समोर आला तर वरून जातो की वळसा घालतो. वळसाच घालणार, कारण त्या ढगाचा माथा 15-16 किमीला टेकलेला असतो. दुपारी सह्याद्रीकडे तोंड करून बघा, ढग वर वर चढतो आणि एका उंचीला चपटा होऊन आडवा पसरतो. तिथे तपस्तब्धी, म्हणजे तपांबराची वरची हद्द. त्याच्यावर हवा खालच्यापेक्षा गरम व्हायला लागते म्हणून ढगाला पुढे चढता येत नाही. हद्द डोळ्यांनी दिसते आपल्याकडे, मोबाईल कशाला हवा.

खाडीपलीकडचो:
ता सगळा खरा, पण भित केदी आसा ता सांग मरे आदी. आणि माप काय धरलंस? सोळा काय नि अठरा काय, भितीर किती बोटांचो फरक पडतलो ता बघूक नको?

तुतारी_वेटिंग:
अहो गणपतीच्या मागची भिंत! परवा चवथ आहे, अजून काय असणार? पाटापासून माटवीपर्यंत (गणपतीवर टांगतात ती फळापानांची चौकट) साडेपाच फूट मिळतात. 1 किमीला 1 सेंमी असं धरलंय. मूर्ती दीड फुटी आहे. मुंबईहून येतानाच ठरवून आलो होतो की या वर्षी मखर नाही, वातावरणाचे थर रंगवायचे, वर काळोख आणि चांदण्या.

आंबोळी:
हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायला काय झालं होतं? थर्माकोल वापरू नका, 2018 पासून राज्यात बंदी आहे.

तुतारी_वेटिंग:
थर्माकोलचं नाव तरी काढलं का मी. डिस्टेंपर आहे.

खाडीपलीकडचो:
मगे ऐक. दीड फूट म्हणजे पंचेचाळीस सेंटीमीटर. तुज्या मापान पंचेचाळीस किलोमीटर. बाप्पाच्या पाठसून तपांबर, ओझोन, अर्ध्याच्या वर स्थितांबर सगळा गायब. दिसतला काय तर मध्यांबर, ज्यात बघूक कायच नाय.

तुतारी_वेटिंग:
अरे देवा. हे खरंच डोक्यात नव्हतं.

पेन्शनर:
लॉगरिदमिक स्केल घ्या. 1 ते 10 एक फूट, 10 ते 100 दुसरा फूट, 100 ते 1000 तिसरा. सगळं बसतं आणि सगळ्यात वरचं बाह्यांबर 10 हजारापर्यंत गेलं तरी चौथ्या फुटात येतं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आम्ही असे ग्राफ पेपर वापरायचो.

मिरग:
आरतीला आलेल्या आजीला लॉग कोण समजावणार? सरळ मापातच गंमत आहे. एक सेंमीला एक किमी धरलं तर आंबोली घाट पाटापासून जेमतेम 7 मिलिमीटर वर येतो, एव्हरेस्ट 9 सेंमीला जरा कमी. आणि हवेचं वजन बघायचं तर निम्मी हवा पहिल्या साडेपाच सेंमीतच संपते, 16 सेंमीपर्यंत नव्वद टक्के, आणि पन्नास सेंमीच्या वर राहतो हजारातला एखादा भाग. लॉगमध्ये हे सगळं सपाट होईल.

भूगोलवाल्या_बाई:
मिरगशी सहमत. पट्टे मूर्तीपुरते कशाला काढताय, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवे काढा, नावं दोन्ही बाजूंना लिहा. मूर्ती मध्ये आली तरी काही झाकत नाही. 0 ते 17 तपांबर, 17 ते 50 स्थितांबर, 50 ते 85 मध्यांबर, त्याच्यावर औष्णिकांबर माटवीपर्यंत आणि पुढे बाण. ओझोनची छटा 15 ते 35 मध्ये, 25 च्या आसपास सगळ्यात गडद. तापमानही बाजूला लिहा, लोकांना आवडतं. पाटाशी 28, दर किमीला साधारण साडेसहा अंश उतरत 17 ला उणे 75 ते 80, मग ओझोन ऊन शोषतो म्हणून परत चढत 50 ला शून्याच्या आसपास, परत उतरत 85 ला उणे 90 च्या आसपास.

आंबोळी:
आणि त्याच्यावर हजार दीड हजार अंश म्हणे. मग ते अंतराळ स्थानक वितळत कसं नाही?

भूगोलवाल्या_बाई:
कारण तिथे कण वेगवान आहेत पण फारच विरळ. अंगावर आदळणारेच इतके थोडे की उष्णता पोचतच नाही. तापमान आणि उष्णता वेगळी.

पेन्शनर:
पुस्तकात तर आयनांबर असतं, ते कुठे गेलं? रात्री रेडिओ सिलोन त्यामुळेच लागायचं आमच्याकडे.

मिरग:
ते वेगळा मजला नाही. साधारण 60 च्या वर सूर्यामुळे हवेतले कण विद्युतभारित होतात तो पट्टा, मध्यांबर आणि औष्णिकांबर दोन्हीत पसरलेला. दिवसा खालचा भाग रेडिओलहरी गिळतो, सूर्य मावळला की तो विरतो आणि लहरी वरून परावर्तित होऊन लांबपर्यंत जातात. तुतारी, भिंतीवर तिरकस रेघांनी दाखव, वेगळा पट्टा नको.

खाडीपलीकडचो:
स्थानकाचा आयकलंय, चारशे किलोमीटरार फिरता ता. तुज्या मापान चार मीटर. पाटावरसून तेरा फूट. तुमचा आडा केदी आसा?

तुतारी_वेटिंग:
आढं जमिनीपासून पंधरा फूट असेल, पाट दोन फूट उंच आहे. म्हणजे बरोबर आढ्यालाच!! भारी. पुठ्ठ्याचं स्थानक करून आढ्याला टांगतो. म्हणजे औष्णिकांबर कौलांच्या बाहेर जाणार.

खाडीपलीकडचो:
सहाशे धरलंस तर सहा मीटर. आणि बाह्यांबर दहा हजार म्हणजे शंभर मीटर, ता माडाच्या पण वर. ता सोड.

हेलियमप्रेमी_देवगड:
उशीरा आलो. पाटीवर हेलियम नाही हे बघून वाईट वाटलं. कोकणातला देखावा आणि हेलियम नाही? 18 ऑगस्ट 1868 च्या ग्रहणात आमच्या विजयदुर्गावर शोध लागला त्याचा, ग्रहण बघायला बांधले म्हणतात ते साहेबाचे ओटे अजून आहेत किल्ल्यावर, दर वर्षी हेलियम दिन करतो आम्ही.

भूगोलवाल्या_बाई:
ग्रहणाचा पट्टा कोकणावरून गेला हे खरं, पण शोधाचं श्रेय ज्यांना देतात त्यातले फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते आणि इंग्रज शास्त्रज्ञ लॉकयर त्या वेळी भारतात नव्हतेच. त्यांनी ऑक्टोबरात इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, सूर्याच्या वर्णपटात हेलियमची ती पिवळी रेषा पाहिली. आणि सापडला तो सूर्यावर, आपल्या हवेत नाही. पृथ्वीवर तो रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांनी 1895 ला एका युरेनियमच्या खनिजातून काढला. हवेत दहा लाखात पाच भाग असतो फक्त.

हेलियमप्रेमी_देवगड:
ओटे काय मग उगाच बांधले? तुम्ही लोक कोकणातलं काहीच कबूल करत नाही.

भूगोलवाल्या_बाई:
ओटे खोटे आहेत असं मी म्हटलंच नाही. पाटीवर विजयदुर्ग लिहायचं तर "ग्रहण इथूनही दिसलं" एवढं लिहावं.

तुतारी_वेटिंग:
हेलियम राहू द्या. बेरजेचं कोणीच सांगितलं नाही अजून!! वडील परत विचारून गेले.

मिरग:
सगळे टक्के कोरड्या हवेचे असतात, बाष्प बाजूला काढून. नायट्रोजन 78.08, ऑक्सिजन 20.95, आरगॉन 0.93, कार्बन डायऑक्साईड 0.04, झाले शंभर. निऑन, हेलियम वगैरे पुढच्या दशांशात जातात. तू 78 आणि 21 घेतलेस ते पूर्णांकात बसवलेले आकडे. आणि हे आकारमानाचे आहेत, कुठे नायट्रोजन साडेपंचाहत्तर दिसला तर तो वजनाचा, दोन्ही मिसळू नकोस.

बाष्प रोज बदलतं म्हणून ते त्यात धरत नाहीत. भाद्रपदात आपल्या किनाऱ्यावर दवबिंदू (ज्या तापमानाला हवा थंड झाली की दव पडतं ते) 24-25 अंश असतो, म्हणजे हवेत बाष्प साधारण 3 टक्के. ते धरलं तर बाकी सगळ्यांना 97 टक्क्यात बसावं लागतं, नायट्रोजन पावणेशहात्तरवर येतो, ऑक्सिजन 20.3 वर. म्हणजे चवथीला तुमच्या घरात पाण्याचे कण आरगॉनच्या तिप्पट. वाळवंटात आरगॉन पुढे.

पेन्शनर:
म्हणूनच हवा जड होते. पावसाळ्यात छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं.

मिरग:
उलट, दमट हवा हलकी. पाण्याचा कण 18, नायट्रोजनचा 28, ऑक्सिजनचा 32. त्याच दाबाला आणि तापमानाला जेवढी जागा तेवढेच कण, त्यात जड काढून हलके घातले.

पेन्शनर:
सत्तर वर्षं श्वास घेतोय मी या हवेत. जड म्हणजे जड.

भूगोलवाल्या_बाई:
जड वाटते कारण घाम सुकत नाही. आता दोघं थांबा, त्यांना रंग मारायचाय.

तुतारी_वेटिंग:
ओके. 17 ला रेघ मारतोय. पाटी दोन करतो, "कोरडी हवा" आणि "चवथीची हवा", दोन्हींची बेरीज शंभर, वडिलांना दाखवली, त्यांनी कॅल्क्युलेटर काढून तपासली आणि काही न बोलता गेले म्हणजे पसंत आहे. चवथीच्या पाटीत नायट्रोजन 75.7, ऑक्सिजन 20.3, बाष्प 3, आरगॉन 0.9, बाकी 0.1. चालेल ना?

भूगोलवाल्या_बाई:
चालेल. "सुमारे" लिहा पुढे, पावसाने उघडीप दिली तर बाष्प कमी होईल.

तुतारी_वेटिंग:
आणि एक, माटवीला बांधायची कवंडळं (रानवेलीची फळं) मिळत नाहीयेत कुठेच, बाजारात दर ऐकून आई परत आली. मालवण कुडाळकडे कोणाला माहीत आहे का कुठे?

खाडीपलीकडचो:
कवंडळां इकत घेतात? काय दिस इले. सकाळी ये खाडीपलीकडे, आमच्या गडग्यार वेल आसा, होई तितकी काढ. येताना त्या पुठ्ठ्याच्या स्थानकाचो फोटो दाखव.