वाणिज्य शाखा, वय ३४ : नोकरी सोडून जीएनएम नर्सिंगला प्रवेश घ्यावा का?

कोयनाकाठ :

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यात राहतो आणि वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका खासगी कारखान्यात गेली अकरा वर्षे लेखा विभागात नोकरी करतो. बारावी वाणिज्य शाखेतून झाली, पुढे बी.कॉम. केले. या डिसेंबरच्या आत मला ३४ वर्षे पूर्ण होतील. पत्नी खासगी शाळेत शिक्षिका आहे, मुलगी पहिलीत आहे आणि घराच्या कर्जाचा दरमहा ९,००० रुपयांचा हप्ता अजून सहा वर्षे फेडायचा आहे.

गेल्या वर्षी वडिलांच्या खुब्याचे हाड मोडले आणि शस्त्रक्रियेनंतर सतरा दिवस मी रुग्णालयात त्यांच्या उशाशी होतो. पहिले दोन दिवस ते पाणी प्यायलाच तयार नव्हते आणि ते कशामुळे, हे आम्हा घरच्यांच्या लक्षात आले नाही. तिसऱ्या रात्री ड्युटीवर आलेल्या ब्रदरांनी, म्हणजे पुरुष नर्सनी, इनटेक-आउटपुटचा (पाणी किती गेले, लघवी किती झाली याचा) तक्ता पाहिला आणि माझ्याकडे न बघता थेट वडिलांना विचारले, "काका, सिस्टरांना सांगायला संकोच वाटतो का?" त्यांनी पडदा ओढला, युरिन पॉट दिला आणि नंतर दोन्ही पायांच्या मध्ये उशी ठेवून वडिलांना कुशीवर कसे वळवायचे, हे माझे हात धरून मला शिकवले. त्या रात्रीपासून हे काम आपण करावे असे वाटू लागले आणि वर्ष उलटले तरी ती ओढ कमी झालेली नाही.

वाणिज्य शाखेच्या माणसाला जीएनएमला, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवायफरीच्या पदविकेला, प्रवेश मिळतो का? या वयात शिकून नोकरी लागते का? थोरले बंधू म्हणतात की हे बायकांचे काम आहे. आई काहीच बोलत नाही आणि मला त्याचाच जास्त ताण येतो. अनुभवी मंडळींनी कृपया स्पष्ट लिहावे.

रात्रपाळी :

मी पुण्यातील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आहे. आयटीआय करून सात वर्षे वायरमनचे काम केल्यावर २८व्या वर्षी मी जीएनएमला प्रवेश घेतला. वर्गात बाकी सगळी अठरा-एकोणीस वर्षांची मुले-मुली होती आणि पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्राने मला अक्षरशः रडवले, कारण पुस्तके इंग्रजीत आणि माझी वाचायची सवय सुटलेली. मात्र वॉर्डात उभे राहिल्यावर वयाचा फायदा झाला. घाबरलेल्या नातेवाइकाशी कसे बोलावे, हे मला कोणी शिकवावे लागले नाही.

पगाराबद्दल खरे सांगतो. शिकून बाहेर पडल्यावर मला १४,००० रुपयांवर सुरुवात करावी लागली आणि आधी वायरमन म्हणून मी त्याहून जास्त कमावत होतो. आठ वर्षांनी आज घर नीट चालते, पण पहिली तीन वर्षे पत्नीने शिवणकाम केले नसते तर मला मधेच परत फिरावे लागले असते.

बंधूंच्या म्हणण्याविषयी एक लिहितो. लोक आम्हाला एक तर "डॉक्टर" म्हणतात किंवा वॉर्डबॉय समजून "मामा" म्हणतात. सुरुवातीला दोन्ही हाकांचा त्रास होतो. वॉर्डातले मामा आणि मावशी यांच्यावाचून आमचे काम एक दिवस चालणार नाही, त्यामुळे त्या हाकेत कमीपणा कसलाच नाही. प्रश्न एवढाच की रुग्णाला आपल्या सलाईनमध्ये औषध कोण सोडतो आहे, हे माहीत असले पाहिजे. म्हणून मी प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला प्रत्येक खाटेशी जाऊन सांगतो, "मी तुमचा नर्स आहे, सकाळी आठपर्यंत मीच आहे." आणि पुरुष नर्स म्हणजे जड रुग्ण उचलायला माणूस, ही समजूत रुग्णालयांतही आहे. तिला पहिल्या महिन्यातच नम्रपणे नकार द्या, नाहीतर कंबर जाते आणि शिकायचेही राहून जाते.

निवृत्त सिस्टर ट्यूटर :

मी सत्तावीस वर्षे नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना शिकवले आहे, त्यामुळे आधी नियमांचे सांगते. बी.एस्सी. नर्सिंगसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र लागते, म्हणून तो मार्ग तुम्हाला बंद आहे. जीएनएमसाठी मात्र भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांनुसार कोणत्याही शाखेची बारावी चालते. एकूण ४० टक्के गुण आणि इंग्रजी विषय उत्तीर्ण असणे आवश्यक आहे. वय त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला मोजतात आणि वरची मर्यादा ३५ आहे. याचा अर्थ तुम्हाला हेच वर्ष हाताशी धरायला हवे. पुढच्या वर्षीही जमेल असे गृहीत धरून चालू नका.

अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे आणि त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिपचे असतात. परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची असते आणि उत्तीर्ण झाल्यावर मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी केल्याखेरीज नर्स म्हणून काम करता येत नाही. पुढे दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते, म्हणजे पदवीचे दार वाणिज्यवाल्यालाही कायमचे बंद नाही. हे शिक्षण नोकरी सांभाळून होत नाही. हजेरी ८० टक्के लागते आणि प्रात्यक्षिकाचे जेवढे तास चुकतील तेवढे प्रमाणपत्रापूर्वी भरून द्यावे लागतात. कोणी वर्षभराचा "नर्सिंग असिस्टंट" अभ्यासक्रम हेच जीएनएम असल्याचे सांगत असेल, किंवा हजेरीची काळजी करू नका म्हणत असेल, तर तिथे पैसे भरू नका. संस्थेचे नाव परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत स्वतः पाहा.

आता जे प्रॉस्पेक्टसमध्ये छापत नाहीत ते. तिसऱ्या वर्षात प्रसूतिशास्त्र असते आणि ते मुलांनाही शिकावे लागते. लेबर रूमच्या पोस्टिंगला मोठ्या वयाचे विद्यार्थी सर्वांत जास्त घाबरलेले मी पाहिले आहेत. माझ्याकडे एक बत्तीस वर्षांचा विद्यार्थी होता, दोन मुलांचा बाप. पहिल्या दिवशी तो दाराशी भिंतीला टेकून उभा राहिला, कोणाकडेही पाहीना. मी त्याला खाटेवरच्या बाईंच्या डोक्याकडे उभे केले, त्यांची परवानगी विचारायला लावली आणि त्यांच्या कळा सुरू होण्याची व थांबण्याची वेळ घड्याळावर मोजून लिहायला सांगितली. दोन तासांनी त्या बाईच त्याला विचारू लागल्या, "भाऊ, आता किती मिनिटांनी आली?" परवानगी विचारणे, शेजारी स्त्री कर्मचारी असणे, पडदा, आणि नको तेवढे अंग उघडे न ठेवणे, एवढे पाळले की बहुतेक स्त्रिया विश्वास ठेवतात. ज्या नाही म्हणतात त्यांचे नाही हे तसेच मानायचे असते, आणि मी हे मुलींनाही पुरुष रुग्णांच्या बाबतीत तितकेच कडक शिकवले.

तुमच्या वडिलांच्या ब्रदरांनी जे केले त्याकडे पुन्हा पाहा. तुम्हाला त्यांची माया दिसली आणि ती होतीच, पण त्याआधी त्यांनी तक्ता वाचला होता. पाणी किती गेले आणि लघवी किती झाली यांचा मेळ न बसणे म्हणजे त्या वयात मूत्रपिंडाला धोका असू शकतो, हे त्यांना ठाऊक होते. तुम्ही अकरा वर्षे ताळेबंद जुळवला आहे. आकडा खटकला की थांबायची ती सवय नर्सिंगमध्ये फार मोलाची आहे, आणि ती मला अठरा वर्षांच्या मुलांच्या अंगी बाणवायला दोन वर्षे लागत.

आस्थापना टेबल :

मी शासकीय सेवेत भरतीचे काम पाहतो, म्हणून थोडे कटू लिहितो. राज्य शासनाच्या भरतीत खुल्या प्रवर्गाला वयोमर्यादा ३८ आणि मागास प्रवर्गाला ४३ आहे. तुम्ही शिकून बाहेर पडाल तेव्हा ३७ पूर्ण झालेले असतील आणि निकाल व नोंदणी यांत काही महिने जातील. खुल्या प्रवर्गात असाल तर तुमच्या वाट्याला फार तर एखादी जाहिरात येईल. एम्सच्या सामायिक परीक्षेची सर्वसाधारण मर्यादा ३० आहे, तेव्हा ती सोडाच. शिवाय तिथे ८० टक्के जागा स्त्रियांना आणि २० टक्के पुरुषांना आहेत. शासकीय पगाराची आशा धरून हा निर्णय घेणार असाल तर घेऊ नका. तीन वर्षांचा बुडालेला पगार, फी आणि कर्जाचा हप्ता एका कागदावर मांडा, आणि खासगी रुग्णालयाचा सुरुवातीचा पगार धरूनही घर चालते का, ते पत्नीसह बसून पाहा.

लेस्टरहून :

वरील हिशेब बरोबर आहे, पण परदेशाचा मार्ग वयाने तितका अडत नाही. मी ३९व्या वर्षी इंग्लंडला आलो. त्याआधी भारतात नोंदणी, कामाचा अनुभव, इंग्रजीची परीक्षा, संगणकावरची परीक्षा आणि इथे आल्यावर प्रात्यक्षिक परीक्षा, असे सगळे टप्पे पार करावे लागले, म्हणजे शिक्षण संपताच विमान असे होत नाही. माझ्या वॉर्डात ४६व्या वर्षी बसचालकाची नोकरी सोडून शिकायला आलेला एक विद्यार्थी आहे आणि त्याच्या वयाचा विषय कोणी काढत नाही. पुरुष इथेही कमीच आहेत, साधारण नवांत एक. मात्र परदेश हा पुढचा प्रश्न आहे. पहिली पाच वर्षे आपल्याकडच्या वॉर्डात मनापासून काढता येतील का, याचे उत्तर आधी शोधा.

कोयनाकाठ :

सर्वांचे मनापासून आभार. मी खुल्या प्रवर्गातला आहे, त्यामुळे शासकीय नोकरी हिशेबातून वगळली आणि काल रात्री पत्नीसह कागद मांडला. एका महाविद्यालयाने वर्षाला ८०,००० रुपये फी सांगितली आहे. भविष्य निर्वाह निधी आणि साठवलेले पैसे मिळून पावणेपाच लाख धरले, तर तिच्या पगारावर घर आणि या रकमेवर हप्ता व फी, असे अडीच वर्षे निघतात. शेवटचे सहा महिने उघडे पडतात. त्यासाठी एका ओळखीच्या औषधविक्रेत्याचे जीएसटीचे काम रविवारी करण्याबद्दल बोलणी केली आहेत.

सिस्टर, बारावीची गुणपत्रिका आईच्या ट्रंकेत होती. एकूण ५८ टक्के आणि इंग्रजीत ४७ आहेत. ती काढून देताना आईने पहिल्यांदा विचारले की रात्रीची ड्युटी किती वाजता संपते. सोमवारी मी मान्यताप्राप्त संस्थांची यादी घेऊन रजेवर निघतो आहे.